जुन्या गाडीचा टप कापताय? या चुका टाळा

महिन्याकाठी एक तरी पोरगा कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या दारात येतो, मोबाइल पुढे धरतो आणि म्हणतो, "मिस्त्री, आसला टप पायजे." फोटो बहुतेक वेळा एकाच गाडीचा. १९४९ ते ५१ च्या मॉडेलची अमेरिकन मर्क्युरी, टप म्हणजे छत, त्याचे खांब कापून चार बोटं खाली आणलेलं, काचा चिंचोळ्या, मागची बाजू ओघळत गेलेली. कॅलिफोर्नियातल्या पत्रेवाल्यांनी पन्नासच्या दशकात हे वेड लावलं आणि ते अजून उतरलेलं नाही. दिसायला नाद खुळा, त्यात वाद नाही. पण पोरगा ज्या गाडीतून आलेला असतो ती असते पद्मिनी, नाहीतर अँबॅसिडर. तिच्यात आणि मर्क्युरीत पत्र्याखाली काय फरक आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तीस वर्षं पत्रा ठोकतोय. मूळापासून माझ्या हातानं टप कापलेल्या गाड्या चारच. दुसऱ्यांनी कापून बिघडवलेल्या आणि मी निस्तरलेल्या, आठ. यावरून काय ते समजा.

आधार न देता कापणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळे हीच करतात. मर्क्युरीला खाली वेगळी चासी आहे, बॉडी तिच्यावर बसवलेली आहे. टप उडवला तरी खालचा सांगाडा जागचा हलत नाही. पद्मिनी आणि अँबॅसिडरला तशी चासी नाही. फरशी, दाराखालचे उंबरे, पिलर म्हणजे टपाचे खांब, आणि टप मिळून जो डबा होतो तोच सगळं वजन पेलतो. चपलांचं रिकामं खोकं हातात घ्या. झाकण घट्ट असेपर्यंत पिळून बघा, मग झाकण काढून पिळा. टप म्हणजे ते झाकण.

चारेक वर्षांपूर्वी शिरोलीकडून टेम्पोत घालून एक पद्मिनी आली. मालक कॉलेजातला पोरगा, हात हुशार, वेल्डिंगसुद्धा बऱ्यापैकी. म्हणाला, "मामा, बाकी सगळं झालंय. दरवाजे तेवढं लागत न्हाईत. जरा बिजागऱ्या बघा." मी दार ओढलं. वरच्या मागच्या कोपऱ्यात दार पिलरवर आदळत होतं, खाली अर्ध्या इंचाची फट. बिजागऱ्या ठणठणीत. मी टेप काढली आणि दाराच्या चौकटीचे कर्ण मोजले, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. दोन्ही बाजूंची मापं ताडून पाहिली तर डाव्या बाजूला अठरा मिलिमीटरचा फरक.

काय झालं होतं ते त्याच्याच तोंडून हळूहळू बाहेर आलं. गाडी पुढे आणि मागे घोड्यांवर चढवलेली, मधे काही नाही. एका संध्याकाळी सगळे पिलर कापले, टप चौघांनी उचलून बाजूला ठेवला आणि पोरं मिसळ खायला गेली. आली तोवर गाडी मधे बसली होती. डोळ्यांना दिसली नाही, कारण दरवाजे आधीच काढून भिंतीला टेकवलेले. मग त्या बसक्या गाडीवरच टप ठेवून पक्कं वेल्डिंग केलं. म्हणजे वाकडेपणावर शिक्का मारला.

निस्तरायचं म्हणजे सगळे पिलर परत कापायचे, मधून उंबऱ्याखाली जॅक लावायचा आणि रोज थोडं थोडं उचलत कर्ण जुळवायचे. जॅक लावला, दांडा मारला, जॅक वर जायच्या ऐवजी उंबऱ्याच्या पत्र्यात शिरला. आत नुसता गंज, वरून रंग आणि लांबी, म्हणजे पुट्टी. मग आधी दोन्ही उंबरे नवीन पत्र्याचे केले, त्यानंतर पिलर, त्यानंतर टप. गाडी ज्या पैशांत घेतली त्याच्या दुप्पट पैसे नुसत्या दुरुस्तीत गेले. पोरानं एकदाही तोंड वाकडं केलं नाही, म्हणून मी मजुरी अर्धी घेतली. सगळेच तसे नसतात.

माझी सवय सांगतो. पहिल्या दिवशी ग्राइंडरला हात लावत नाही. उंबरे, फरशीच्या कडा, पिलरची मुळं पेचकसानं टोचून बघतो. पेचकस आत गेला तर टपाचं नाव काढायचं नाही. ते सगळं धड असेल तर गाडी तिच्याच चाकांवर सपाट फरशीवर उभी करून आत एक इंची चौकोनी पाइपचा सांगाडा उभा करतो. पुढच्या पिलरपासून मधल्याला, मधल्यापासून मागच्याला, डावीकडून उजवीकडे, आणि मधे फुलीसारखे तिरके दोन. सगळे कापायच्या रेषेच्या खाली. दरवाजे जागेवरच आणि बंद. कर्णांची मापं भिंतीवर खडूनं लिहितो, कारण कागद हरवतो आणि भिंत हरवत नाही. पाइप काढायची घाई करत नाही. एका गाडीत तर तो रंगाच्या आदल्या दिवसापर्यंत होता. मालक रोज विचारायचा, मी रोज नाही म्हणायचो.

टप सरळ खाली बसेल असं समजणं

"तीन इंच पिलर कापायचे, टप खाली ठेवायचा, जोडायचा." हे ऐकलं की मी चहा सांगतो, कारण आता अर्धा तास जाणार असतो.

गाडीचे पिलर खांबासारखे उभे नसतात. पुढचा मागे झुकलेला असतो, मागचा पुढे झुकलेला, आणि दोन्ही बाजूंचे आतल्या अंगाला कललेले. टप खाली आणला की त्याची टोकं खालच्या खुंटांवर येतच नाहीत, आत पडतात. किती आत? पुढचा पिलर उभ्या रेषेपासून ४५ अंश झुकलेला असेल तर तीन इंच कापल्यावर तीन इंचांचं अंतर पडतं. ३० अंश असेल तर साधारण पावणेदोन इंच. मागच्या पिलरचं वेगळं. म्हणजे टप लांबीला आखूड पडला, आणि थोडा रुंदीलाही.

यावर मार्ग दोनच. दीड-दोन इंचांचं काम असेल तर पिलर मुळाशी थोडे कलवून जुळवता येतात. त्याहून जास्त असेल तर टपच आडवा-उभा कापून चार तुकडे करायचे, चारी कोपरे आपापल्या पिलरवर बसवायचे आणि मधे पत्र्याच्या पट्ट्या भरायच्या. जे लोक पिलरची टोकं हातोडीनं ओढून गाठायला बघतात त्यांच्या गाडीचा कोपरा चेपलेल्या डब्यासारखा दिसतो, आणि तो कोपरा आयुष्यभर तसाच राहतो.

आधी फोटो कापा. गाडीचा बरोबर बाजूनं, लांबून फोटो काढा, मोठा प्रिंट मारा आणि कात्रीनं टप वेगळा करून खाली सरकवा. दहा रुपयांत सगळं कळतं. माझं मत विचाराल तर अँबॅसिडरला दोन इंच पुरे. चार इंच कापलेली अँबॅसिडर मला तरी कुणीतरी डोक्यावर बसल्यासारखी वाटते.

रेषा मारताना टेप जमिनीपासून वर मोजू नका, टायरमधली हवासुद्धा सारखी नसते. मी गवंड्याची पाण्याची नळी आणि ओळंबा वापरतो. लेझरवाली पोरं हसतात. हसू देत.

काच शेवटी बघू म्हणणं

एकानं अँबॅसिडरचा टप गंगावेशीतल्या घराच्या अंगणात स्वतः कापला, आणि चांगला कापला. आधार दिलेला, जोड सरळ. मग पुढची काच तीन इंच कमी करायला काचवाल्याकडे नेली. काचवाल्यानं कोपऱ्यातला शिक्का वाचला नाही, यानंही नाही. रेघ मारून दाब दिला तसा एक आवाज आला आणि टेबलावर जोंधळ्याची रास पडावी तसे दाणे पडले.

टफन्ड काच कापता येत नाही. जगातला कुठलाच काचवाला कापू शकत नाही. ती भट्टीत तापवून एकदम थंड केलेली असते, आतला ताण मोडला की सगळीच फुटते. जुन्या गाड्यांना पुढेसुद्धा अशी काच सर्रास असायची. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमधे प्लॅस्टिकचा पडदा असतो, ती दोन्ही बाजूंनी रेघ मारून कापता येते. पण बाक असलेली असेल तर तीही तडकू शकते, म्हणून दोन घेऊन जावं आणि एक परत येईल असं धरावं. दाराच्या काचा सपाट असतात, त्या मापानं नवीन टफन्ड करून मिळतात. आधी मापात कापतात, मग भट्टीत घालतात.

त्या अँबॅसिडरचं पुढे काय झालं? मूळ काच पूर्ण उंचीची दुसरी मिळवली आणि काचेची चौकट वर टपात चढवली. म्हणजे काच तेवढीच, टप मात्र खाली. दिसायला उलट जास्त चांगलं झालं, पण ते नशीब. कापण्याआधी ठरवलं असतं तर एवढा महिना गेला नसता. अ‍ॅक्रिलिकची काच बसवतो म्हणणाऱ्याला मी गाडीसकट परत पाठवतो. पहिल्या पावसात वायपर तिच्यावर ओरखडे काढतो, आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा पडला की रस्ताच दिसत नाही.

कापल्यावर आरटीओ आठवणं

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत कंपनीनं दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. म्हणून मी कापलेल्या चारही गाड्या रस्त्यावर फिरत नाहीत. एक फार्महाऊसवर आहे, बाकीच्या प्रदर्शनाला ट्रेलरवरून जातात. "ताराराणी चौकात कोण धरतंय" म्हणणाऱ्यांनी दुसरा मिस्त्री बघावा.

दुसरं, आणि हे मला जास्त लागतं. २०२१ पासून विंटेज गाड्यांना वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. अट अशी की पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली असावीत आणि चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात असावं. टप कापला की तो रस्ता बंद. मागच्या वर्षी एक जण धडधाकट डुक्कर फियाट, म्हणजे जुनी फियाट ११००, घेऊन आला, उलट्या बाजूनं उघडणारे पुढचे दरवाजे, आतली गादीसुद्धा मूळची. म्हणे टप कापा. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी बघायला उभी राहणारी माणसं आपण, आणि अशा गाडीला ग्राइंडर लावायचा? मी हात लावला नाही. भंगारात निघालेला, कागद नसलेला सांगाडा आणा, मग बोलू.

किरकोळ, पण रोजच्या

बॅटरी काढल्याशिवाय वेल्डिंग. पेट्रोलची टाकी जागेवर ठेवून वेल्डिंग. टपाचं लायनिंग "थोडंच आहे" म्हणून तसंच ठेवणं, ते धुमसतं आणि धूर दिसेपर्यंत सीट पेटलेली असते.

सगळे पिलर एकाच उंचीवर कापणं. जिथे पिलर सरळ आहे आणि आत जोडपत्रा नाही अशी जागा शोधा.

पट्टीवर पट्टी चढवून जोडणं. मधे पाणी बसतं, दोन पावसांत फोड येतात. पत्र्याला पत्रा समोरासमोर भिडवा.

एका दमात सरळ वेल्डिंग ओढणं. टपाचा पत्रा मिलिमीटरभरसुद्धा जाड नसतो, तापला की पापडासारखा फुगतो. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, मग हात लावून बघा. हात टेकवत नसेल तर चहा प्या. मी सीओटू गॅसच्या वेल्डिंगवर टाके मारतो आणि प्रत्येक टाका गरम असतानाच डॉलीवर, म्हणजे मागे धरलेल्या लोखंडी ठोकळ्यावर, ठोकतो. ओलं पोतं टाकून थंड करणारे मिस्त्री आहेत, मला ते पटत नाही.

आणि लांबी. अर्धा इंच लांबी भरून गोलाई काढणाऱ्यांना काय सांगावं? उन्हाळ्यात टप तापतो, लांबी आणि पत्रा वेगवेगळे फुगतात, दिवाळीपर्यंत भेग. लांबी दोन मिलिमीटरच्या वर लागत असेल तर हातोडी परत उचला.

बसून न बघणं. कापण्याआधी टपाला आतून दोन इंचांचा थर्माकोल चिकटवा आणि आठवडाभर त्यात बसा. एका सहा फुटी गड्यानं दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं, "मिस्त्री, ऱ्हाऊ दे."

मे महिन्यात काम काढणं

दरवर्षी कुणीतरी सुट्टी बघून मे महिन्यात टप कापतो. मृगाच्या आधी होईल म्हणतो. होत नाही. मग उघडा पत्रा आमच्या पावसात ताडपत्रीखाली पडून राहतो, आणि ताडपत्रीखालची दमट हवा पावसापेक्षा वाईट. मी असं काम दिवाळीनंतरच धरतो आणि कापलेल्या प्रत्येक कडेला त्याच दिवशी प्रायमर मारतो.

सगळं झालं, काचा बसल्या, रबर लागलं, की गाडीत सगळीकडे वर्तमानपत्र अंथरतो, दरवाजे लावतो आणि टपावर अर्धा तास पाइपनं पाणी सोडतो. मालक तेव्हा शेजारी उभा पाहिजे. मग कागद उचलून बघायचा. शेवटच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या कोपऱ्यात रुपयाएवढा डाग आला होता. रबर काढलं, टपाच्या कडेच्या पन्हळीचा जोड परत घासला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद अंथरला.