काठावर न जाता धबधब्याची उंची कशी मोजावी

चिखलदऱ्याच्या भीमकुंड धबधब्याची उंची विचारली, तर बहुधा दरीच्या खोलीचा आकडा सांगितला जातो. दरीची खोली आणि पाण्याची झेप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झेप मोजण्यासाठी निसरड्या काठावर जाण्याची किंवा खाली दगड टाकून सेकंद मोजण्याची मुळीच गरज नाही. खाली गुराखी असू शकतात, म्हणून दगड टाकूच नये.

एक सरळ तुराटी, मोजपट्टी आणि सुतळी एवढे साहित्य पुरेसे आहे. तुराटीवर सेंटिमीटरच्या खुणा करून सुतळीचे एक टोक तिला बांधावे आणि ६० सेंटिमीटरवर गाठ मारावी. जेथून धारेचा माथा व पायथा दोन्ही दिसतात, अशा कठडा असलेल्या जागी उभे राहून गाठ दातांत धरावी, सुतळी आडवी ताणावी आणि तुराटी उभी धरावी. दरीत पाहताना तुराटी नकळत कलते आणि तेथेच माप बिघडते. म्हणून गवंड्याच्या ओळंब्याप्रमाणे खडा बांधलेला दोरा तिच्या वरच्या टोकाला लोंबता ठेवावा. एक डोळा मिटून माथा व पायथा जेथे दिसतात, त्या खुणांमधील अंतर नोंदवावे.

धारेपर्यंतचे आडवे अंतर मोबाइलच्या उपग्रह नकाशावर मोजता येते. वर रेंजचा भरवसा नसल्याने नकाशा घाट चढण्याआधी परतवाड्यातच उतरवून घ्यावा. समजा, हे अंतर ३०० मीटर आणि तुराटीवरील माप १२ सेंटिमीटर आले, तर ३०० ला १२ ने गुणून ६० ने भागावे : उंची ६० मीटर. येथे एका सेंटिमीटरची चूक म्हणजे ५ मीटरचा फरक, त्यामुळे माप तीनदा घेऊन सरासरी काढावी.

इंग्लंडमधील यॉर्कशायरचा हार्ड्रॉ फोर्स हा धबधबा सुमारे ३० मीटर एकसंध कोसळतो, म्हणून तेथे एकच माप पुरते. मेळघाटातील कडे मात्र बेसाल्टच्या थरांवर थर रचून बनलेले असल्याने पाणी अनेकदा टप्प्याटप्प्याने उतरते आणि खालचा टप्पा आपल्याकडे पुढे सरकलेला असतो. अशा वेळी प्रत्येक टप्प्याचे अंतर व माप स्वतंत्र घ्यावे. धुके आल्यास अंदाजाने खूण न करता ते हटेपर्यंत थांबावे. झाडीने पायथा झाकला असल्यास आकड्यापुढे ‘दिसणारी उंची’ असे स्पष्ट लिहावे.