आधी मांड, मग गिअर

स्पोर्ट्स कारमध्ये पहिल्यांदा बसलं की बरेचजण सीट मागे ढकलतात, पाठ आरामखुर्चीसारखी टाकतात आणि हात ताणून स्टिअरिंग धरतात, फोटो झकास येतो पण गाडी हातात राहत नाही. माझदाची एमएक्स-५ ही स्पोर्ट्स कार १९८९ ला आली, तिच्याबद्दल कंपनीवाले जपानीत 'जिन्बा इत्ताई' म्हणतात, घोडा आणि स्वार एकजीव. आपल्या भाषेत मांड पक्की पाहिजे. तर नीट बसायचं कसं, ते याच गाडीवरून सांगतो.

सुरुवात कमरेपासून. मागच्या खिशातलं पाकीट काढा आधी. मग बूड पार मागे, सीटच्या बेचक्यात घुसवून बसा, कारण गाडीचं मागचं टोक घसरून सुटायला लागलं की सगळ्यात आधी तिथंच कळतं, डोळ्यांना नंतर.

मग पाय, नेहमीचे बूट घालूनच. क्लच तळापर्यंत दाबा, कंबर हलता कामा नये आणि गुडघा तरीही थोडा वाकलेला हवा. ब्रेकचंही तेच, एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी सोय, असलं तरी इमर्जन्सीत पेडलवर लाथच मारावी लागते, ताठ पायात तो जोर येत नाही आणि धडक बसलीच तर ताठ पाय सगळा मार थेट कमरेपर्यंत नेतो.

आता हात. खांदे सीटला टेकवून हात सरळ करा, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. नुसती बोटंच पोचत असतील तर पाठ उभी करा, सीट पुढे ओढू नका, पायांचं गणित बिघडेल. खरी पंचाईत इथंच होते, कारण जुन्या एमएक्स-५ चं स्टिअरिंग पुढेमागे होतच नाही, ती सोय २०१९ च्या मॉडेलला मिळाली, त्यामुळे उंच माणसानं जुनी गाडी घेण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं बसून बघावं. छाती आणि स्टिअरिंगच्या मध्यात २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, एअरबॅग उघडायला जागा लागते. पकड घड्याळातल्या नऊ आणि तीनवर, कोपरं वाकलेली.

सीटची उंची वाढवता येत असेल तर रस्ता नीट दिसेल इतकी ठेवा, ट्रॅकवर जाणार असाल तर हेल्मेट घालून बघा, छपराला लागायला नको. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर. आरसे सगळ्यात शेवटी.

आणि मित्रानं एक राउंड मारून गाडी परत दिली, की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.