सोलरच्या कामासाठी गावातलीच पोरं कशी घ्यायची

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात सोलर पंप आणि घरावरचे पॅनल बसवायचं काम करतो. आपल्या भागात आता ऑर्डर आहे पण माणूस नाही अशी गत झाली. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्यानं १० टक्के भरले, एससी-एसटी असल्यास ५ टक्के, की जमिनीप्रमाणं ३, ५ नाहीतर साडेसात एचपीचा पंप भेटते. इकडे फेब्रुवारी २०२४ पासून घरावरच्या सोलरसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना सुरू आहे, ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी, त्यामुळे छतावरचं काम पण वाढलं. बरेच जण फोन करून विचारतात की टेक्निशियन कुठून आणता, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

आधी वेळेचं बोलू. सोयाबीन निघालं की हरभरा-गव्हाच्या ओलितासाठी सगळ्यांना पंप एकदमच पाहिजे असतो, आणि नेमकं तेव्हाच आपली पोरं घरच्या सोयाबीनच्या गंजीवर असतात, मग लगेच कापूस वेचाई. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे माणूस शोधायला निघाले तर जो भेटला तो घ्यावा लागतो. म्हणून जुलै-ऑगस्टमधे घ्या. तेव्हा पांदण रस्ते चिखलात बुडालेले असतात, स्ट्रक्चरची, म्हणजे पॅनलच्या लोखंडी सांगाड्याची, गाडी वावरापर्यंत जात नाही, काम मंद असते, म्हणजे शिकवायला वेळच वेळ. दोन महिने कामाशिवाय पगार काहून द्यायचा असं वाटते ना, मलाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं. नोव्हेंबरमधे घाईत दोन पोरं घेतली. जानेवारीत एका काकांचा फोन आला, "भाऊ, तुमच्या पॅनलखाली जळल्याचा वास येऊन रायला." जाऊन पाहतो तर एमसी-४ कनेक्टर, म्हणजे पॅनलच्या वायरी जोडायचा प्लग, वितळून काळा पडलेला. कापून उघडला, आतली पिन क्रिंपरनं, म्हणजे पिन तारेवर दाबायच्या खास पक्कडनं, दाबलीच नव्हती, साध्या पक्कडनं चेपली होती. हरभरा घाट्यावर आलेला आणि पाणी तीन दिवस बंद. चूक पोराची नाही, न शिकवता त्याला वावरात पाठवणाऱ्या माझी होती. ते दोन महिन्याचे पगार मला त्या दिवसापासून कधी महाग वाटले नाही.

आता माणूस कुठं शोधायचा. नागपूरहून तयार टेक्निशियन आणायच्या मागे लागू नका, तो खोली मागते, दर शनिवारी घरी जाते आणि चार महिन्यात दुसरीकडे निघून जाते. तालुक्याच्या आयटीआयमधे जा, इलेक्ट्रिशियन आणि वायरमन ट्रेडच्या सरांना भेटा, दोन वर्षाचा कोर्स संपत आलेल्या पोरांबद्दल विचारा. फक्त पहिला नंबर कोणाचा ते विचारू नका, वर्कशॉपमधे कोण जास्त वेळ थांबते ते विचारा. पोरींचं पण विचारा, घरावरच्या कामात नेट मीटरची (दिलेली-घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरची) फाइल, साइट सर्व्हे, इन्व्हर्टरची वायरिंग हे सगळं त्या मन लावून करतात, आणि घरात बाया एकट्या असल्या तर पोरगी आलेली त्यांना बरी वाटते.

पण पंपाच्या कामासाठी माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे मोटर वाइंडिंगचं दुकान. तिथं चार वर्षं बसलेला पोरगा सबमर्सिबल डोळे मिटून खोलते, विहिरीत पंप कसा सोडायचा, दोर कुठं बांधायचा, केबलचा जॉइंट पाण्यात कसा टिकवायचा हे त्याला शिकवायची गरजच नाही, त्याला फक्त पॅनल आणि कंट्रोलर, म्हणजे पॅनलच्या विजेवर पंप चालवणारा डबा, शिकवा. दुकानदाराला विचारूनच बोला मात्र, गाव लहान आहे. तिसरी जागा म्हणजे पोळ्याला पुण्या-चाकणहून गावी आलेली पोरं. त्यातला एखादा तरी म्हणतेच, "तिकडं खोलीभाड्यातच पगार जाते, इथंच काही भेटलं तं राहीन मी." त्याला त्याच दिवशी भेटा, दुसऱ्या दिवशी तो गाडीत बसलेला असते.

व्हॉट्सॲपवर टाकायचा मजकूर साधा ठेवा, उदाहरणार्थ: "सोलर पंप फिटिंगसाठी ४ पोरं-पोरी पाहिजे, आयटीआय इलेक्ट्रिशियन, वायरमन किंवा मोटर वाइंडिंग येणारे, वय १८ च्या वर, पगार महिन्याच्या ५ तारखेला, पेट्रोल वेगळं, दोन महिने शिकवू त्याचाही पगार." पगाराचा आकडा पण लिहाच. आकर्षक पगार असं लिहिलं की पोरं समजून जातात काय ते.

सूर्यमित्रचं सर्टिफिकेट घेऊन पण पोरं येतात. ही केंद्राची मोफत ट्रेनिंग २०१५ पासून आहे, ६०० तासांची, चांगली आहे. पण सर्टिफिकेट पाहून लगेच घेऊ नका, हात बघा. मी टेबलावर ४ एमएमची डीसी केबल, एमसी-४ ची एक जोडी, स्ट्रिपर, क्रिंपर आणि बाजूला मुद्दाम एक पक्कड ठेवतो आणि म्हणतो, जोडून दाखव. मग चूप बसून पाहतो. रबर सोलताना आतल्या बारीक तारा तुटल्या का, तुटल्या तर तशाच पुढं नेते का पुन्हा कापून नव्यानं सोलते, पक्कड उचलते का क्रिंपर, पिन दाबल्यावर तार ओढून पाहते का, कनेक्टरमधे पिन टक आवाज करून बसली का. ज्याला क्रिंपर माहीतच नाही पण जो "सर, हे कसं वापरायचं" असं विचारते, त्याला मी घेतो. पक्कडनं चेपून "झालं" म्हणणाऱ्याला चहा पाजून घरी परत पाठवतो.

नंतर बाहेर उन्हात एक पॅनल उभं करून विचारतो, हे बंद कसं करशील? घरच्या वायरिंगची सवय असलेला पोरगा स्विच शोधते. पॅनलला स्विच नसतो, ऊन आहे तोपर्यंत ते जिवंतच. ५४० वॅटचं एक पॅनल जवळपास ५० व्होल्ट दाखवते, ९-१० सिरीजमधे, म्हणजे एकामागं एक, लागले की साडेचारशे-पाचशे व्होल्ट. आणि घरातला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी विझून जाते, पॅनलच्या डीसीची तशी विझत नाही, चालू लोडवर कनेक्टर ओढला तर ठिणगीचा जाळ लांबत जातो आणि हात भाजतो. हे ऐकताना पोरगा घाबरला तरी चालते, पण हसण्यावारी नेणारा नको.

पसंत पडला की घरी जा. पोराची माय बहुतेक एकच विचारते, "करंट तं नाही ना लागणार माह्या पोराले?" उडवाउडवी करू नका, सेफ्टी बेल्ट, बूट, हातमोजे सोबत न्या, दाखवा. विमा काढा, पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयात २ लाखाचा आहे, बँकेतून त्याच आठवड्यात करून द्या, आणि जमलं तर वरून एक अपघात विमा आपल्या खर्चानं. वय पक्कं करायला शाळेची टीसी पहा, १८ पूर्ण नसेल तर नाही म्हणा, कितीही हुशार असू दे.

पगाराचं. नुसतं पंपामागे इतके असं ठरवू नका. त्यानं काम पळते पण अर्थिंगचा खड्डा अर्धाच खोदला जातो, मीठ-कोळसा नावापुरता पडते आणि मे-जूनच्या वादळ-विजेत कंट्रोलर जातो, मग फेऱ्या आपल्यालाच. महिन्याचा फिक्स पगार द्या, वर पंपामागे थोडे, आणि तेही महिनाभर तक्रार आली नाही तर. सरकारकडून किंवा कंपनीकडून आपला पैसा अडकते हे सगळ्यांना माहीत आहे, पण ती अडचण पोरांवर ढकलू नका, एक महिन्याचे पगार बाजूला ठेवूनच माणसं घ्या. उचल मागितली तर बाजाराच्या आदल्या दिवशी द्या, बाजार झाल्यावर देऊन काय उपयोग.

चार किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नाव टाका, राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत सरकार देते. ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं कायद्यानंच लागते. पण अप्रेंटिस म्हणजे झाडू मारायला पोरगा नाही, त्याला कामावर न्या. आणि टीममधे एक तरी लायसन्सवाला वायरमन पाहिजेच, बाकीच्यांना त्याच्या हाताखाली द्या.

टिकवायचं म्हणाल तर वेचाईच्या दिवसात सुट्टीची पाळी आधीच लावा, दोन पोरं एका आठवड्यात, दोन दुसऱ्या, कारण घरचा कापूस सोडून तुमच्याकडं कोणी येणार नाही आणि यावं पण नाही. मे महिन्यात ४५ च्या वर पारा जाते, तेव्हा सहा ते अकरा काम, मग थेट चारनंतर, मधे छतावर कोणालाच चढवायचं नाही. आणि सहा महिने झाले की चांगला क्लॅम्प मीटर (वायरीला अडकवून करंट मोजायचा) आणि क्रिंपर त्याच्या नावानं घेऊन द्या, डब्यावर नाव टाकून. उद्या तो स्वतःचं काम सुरू करेल असं भ्या वाटत असेल तर वाटू द्या. माझ्याकडचे दोघं तसे गेले, एक आता दिग्रसकडं काम करते, आणि नोव्हेंबरमधे माझे हात कमी पडले की सकाळी सातला आपला क्रिंपर घेऊन तोच वावरात हजर असते.