घर पाहावे ते उन्हाळ्यातल्या संध्याकाळी
परवडणारे घर निवडताना किमतीइतकाच पुढच्या वीजबिलाचाही विचार करावा, आणि त्यासाठी शक्यतो उन्हाळ्यात, संध्याकाळी ६ ते ७ च्या सुमारास, ते घर एकदा तरी पाहून यावे. पश्चिमेकडच्या भिंतीला आतून तळहात लावावा. दुपारभर तापलेली विटांची किंवा काँक्रीटची भिंत सूर्यास्तानंतरही कित्येक तास खोलीत उष्णता सोडत राहते, आणि ते हाताला लगेच जाणवते. वारा आरपार वाहतो का, हेही खिडक्या उघडून पाहावे. घर आधीच घेतलेले असेल, तर आतल्या जाड पडद्यांपेक्षा खिडकीबाहेर छज्जा किंवा बांबूचा पडदा लावणे मला नक्कीच अधिक हिताचे वाटते, कारण काच ओलांडून आलेल्या उन्हाची उष्णता बरीचशी घरातच कोंडून राहते.