रोजच्या कामांसाठी दुसरी सोय कशी करून ठेवावी

एकदा कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला गेलो आणि मागे दार ओढलं गेलं. लॅचचं दार. जादा किल्ली होती, पण आतल्या खुंटीला. शेजाऱ्यांचा फोन मागितला, तर घरातल्या कुणाचाच नंबर पाठ नाही. सगळे माझ्या मोबाइलमध्ये, आणि मोबाइल आत चार्जिंगला. जिन्यात बसून काढलेल्या त्या दोन तासांत एक गोष्ट मनात पक्की बसली: दुसरी सोय पहिलीच्याच आधारावर उभी असेल, तर ती सोयच नव्हे.

सुरुवात यादीने करा, पण सगळ्याच कामांना पर्याय शोधत बसू नका. त्याने जीव मेटाकुटीला येतो. जे काम अडलं की पुढची चार कामं अडतात, तेवढंच लिहा. मुलांना शाळेतून आणणं, कामावर वेळेत पोहोचणं, रोजची गोळी, बँकेचे व्यवहार. बहुतेकांची यादी पाच-सहा ओळींत संपते.

मग एकेक काम फसलंच आहे असं धरा आणि कशामुळे फसलं ते लिहा. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये ‘प्रीमॉर्टेम’ या नावाने ही पद्धत कंपन्यांसाठी मांडली होती. घरातही ती तितकीच चालते. कारण कागदावर आलं की उपाय पटकन सुचतो.

आता खरी मेख. सुचलेला उपाय त्याच कारणाने बंद पडेल का, हे तपासा. फोटोंची प्रत त्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये असेल, तर लॅपटॉपबरोबर दोन्ही जातील. म्हणून संगणकवाले ३-२-१ चा नियम पाळतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. फोन हाताशी नसताना ऑनलाइन खात्यात शिरण्यासाठी मिळणारे बॅकअप कोडही फोनमध्ये न ठेवता कागदावर लिहून जपून ठेवा. आणि दोन नंबर तरी पाठ करा.

पर्याय म्हणजे माणूस असेल, तर त्याला आधी विचारा. मुलाला आणायला मावशी जाणार असेल, तर शाळेलाही तिचं नाव कळवलेलं हवं.

दुसऱ्या सोयीकडे कधी वळायचं, हेही आत्ताच ठरवा. ऐनवेळी माणूस ‘अजून पाच मिनिटं बघू’ म्हणत राहतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेले ‘जर-तर’ बेत इथे फार कामाला येतात. ‘साडेआठपर्यंत बस आली नाही, तर रिक्षा.’ ‘सात गोळ्या उरल्या, तर नवी पट्टी.’ वाक्य इतकंच लहान ठेवा.

शेवटी एकदा करून पाहा. एखाद्या निवांत दिवशी दुसऱ्या रस्त्याने कामावर जा, पॉवरबँक चार्ज आहे का बघा, नवी करून आणलेली किल्ली कुलपात फिरवा. शेजारी ठेवायला मी केलेली पहिली किल्ली अर्ध्यातच अडकली होती. कानस मारून आणावी लागली.