मीटिंगमधल्या ‘हो’वर विसंबू नका

नुकतेच सुपरवायझर झाला असाल तर एक गोष्ट आधीच सांगतो. मीटिंगमध्ये सगळे ‘हो’ म्हणाले म्हणजे एकमत झालं असं धरून चालू नका. माझे तीन महिने यातच गेले, आणि त्या दिवसांचा त्रास अजून आठवतो.

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या विभागात, पहिल्या शिफ्टची लाईन माझ्याकडे आली. भांडण जुनंच होतं: शिफ्ट सुटताना डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, कोणी बदलायची? मी दोन्ही शिफ्टचे बारा जण बोलावले. ज्याने बॅच संपवली त्यानेच डाय उतरवायची, असं फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, ‘चालेल ना?’ बाराही माना हलल्या. ‘चालेल साहेब.’

आठव्या दिवशी साडेतीनला प्रेसवर जुनीच डाय होती. दोन बोल्ट सैल, दोन घट्ट, पान्हा बेडवर तसाच. न बघता कोणी प्रेस चालवून स्ट्रोक मारला असता तर? मी सगळ्यांसमोर ओरडलो. तुम्ही हे करू नका. त्यानंतर दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंसुद्धा कोणी धड बोललं नाही.

जेरी हार्वे या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७४ मध्ये घरचाच एक किस्सा मांडला होता. टेक्सासच्या रणरणत्या उन्हात घरचे चौघे ५३ मैलांवरच्या ॲबिलीनला जेवायला गेले. परतल्यावर कळलं, जायचं कोणालाच नव्हतं. जो तो दुसऱ्याचं मन राखत होता. आपल्याकडे तर समोर साहेब उभा असतो. ‘नाही’ म्हणणार कोण?

मग मी एकेकाशी चहाच्या सुट्टीत बोललो. आमचे डाय बसवणारे जुने सेटर, सगळे त्यांना मामा म्हणतात, पहिल्या दिवशी काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘बस पावणेचारला सुटते. चुकली की राजगुरुनगरपर्यंत वडाप शोधायचं.’ दुसऱ्या शिफ्टचं दुखणं वेगळंच निघालं. डाय बदलण्यात वेळ जाऊन पहिल्या तासाचा काउंट, म्हणजे निघालेले नग, कमी दिसला की बोलणी त्यांना बसत. कामचुकार कोणीच नव्हतं.

मेरी पार्कर फॉलेट या व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिकेनं हार्वर्डच्या ग्रंथालयातला एक प्रसंग सांगितला आहे. एकाला खिडकी उघडी हवी, फॉलेटबाईंना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला हवा मिळाली, त्यांच्या अंगावर वारा आला नाही. आमची शेजारची खोली म्हणजे ट्रॉली. प्रेस चालू असतानाच अडीचला पुढची डाय, क्लॅम्प, बोल्ट शेजारी आणून ठेवायचे, आणि डाय बदलण्यात जाणाऱ्या वेळेसाठी काउंटच्या बोर्डवर वेगळा रकाना. तो रकाना मॅनेजरकडून मिळवायला मात्र मला पंधरा दिवस खेटे घालावे लागले.

‘दोन-तीन जण हाताशी धर, बाकीचे वळतात,’ असं सांगणारे सीनियर भेटतील. त्यांचं ऐकू नका. ती दोन-तीन माणसं लाईनवर एकटी पडतात. रिसॉर्टवरच्या दोन दिवसांच्या लीडरशिप ट्रेनिंगनेही माझं तरी काही भलं झालं नाही. पण घाबरूही नका. मी इतका ओरडूनही माणसं पुन्हा बोलायला लागली.

आता मी ‘चालेल ना?’ विचारत नाही. ‘हे कुठे अडकेल?’ असं विचारतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मिनिटभर सगळे गप्प. मीही गप्प उभा राहिलो. मग मागून मामा म्हणाले, ‘ट्रॉलीचं पुढचं चाक जाम आहे साहेब. आधी ते बघा.’