पाटी खरी, पण गाडी कुठली? जुन्या रेसकारचा इतिहास शोधताना या चुका टाळा

दर हिवाळ्यात एक तरी फोन येतोच. रेसिंगचा हंगाम संपलेला असतो, लिलाव उरकलेले असतात आणि कुणीतरी ट्रेलरवर घालून एखादी जुनी सिंगल-सीटर, म्हणजे एकाच सीटची रेसकार, घरी आणलेली असते. "काका, लोटस एटीन मिळाली! विकणारा म्हणाला, जिम क्लार्कनं चालवलेली आहे." मी विचारतो, कागद काय काय आहेत? "पाटी आहे ना, कारखान्याच्या नंबराची!"

मी मूळचा सांगलीचा. गेली बरीच वर्षं इंग्लंडात, सिल्व्हरस्टोनच्या रेस ट्रॅकपासून वीस मिनिटांवर राहतो. पोट मशीन शॉपवर चालतं, आणि शनिवार-रविवार लोकांच्या जुन्या रेसकारचा माग काढण्यात जातात. लहानपणी वडिलांबरोबर तलाठ्याकडे हेलपाटे घातले होते, त्याचा इथे भलताच उपयोग झाला. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून जमीन त्याचीच असं होत नाही, मागचे फेरफार काढावे लागतात. गाडीची पाटी हा फार तर सातबारा. फेरफार कुठे आहेत?

वरून खाली येणं

नवशिक्यांची सगळ्यात लाडकी चूक. आधी मोठं नाव धरायचं आणि मग तिथून आपल्या गाडीपर्यंत उतरत यायचं. आपल्याकडे वंशावळ काढायला बसलेला माणूस जसा थेट एखाद्या सरदारापासून सुरू करतो आणि पणजोबांचं नाव विचारलं की गडबडतो, तसंच.

पुढे फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेला क्लार्क १९६० साली लोटसच्या फॉर्म्युला ज्युनिअर, म्हणजे नवोदितांच्या शर्यतींच्या, संघात लोटस १८ चालवत होता, हे खरं आहे. पण लोटसनं ज्युनिअरसाठीच्या अशा गाड्या शंभरावर विकल्या. कारखान्याच्या संघाकडे त्यातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आज मात्र जो तो क्लार्कवाला. फॉर्म्युला फोर्डमध्ये, म्हणजे फोर्ड इंजिनांच्या नवोदितांच्या वर्गात, हाच मान मर्लिन गाड्यांना. मर्लिन एमके ११एची एकच गाडी आधी एमर्सन फिटिपाल्डी, मग कॉलिन व्हँडरवेल आणि त्यानंतर जोडी शेक्टर यांच्या हाती होती. फिटिपाल्डी १९७२चा जगज्जेता, शेक्टर १९७९चा. तिला 'मॅजिक मर्लिन' म्हणतात. अशी गाडी एक. पण मला आजवर "हीच ती असावी" म्हणून दाखवलेल्या किती, ते मोजणं मी सोडून दिलं.

आजच्या मालकापासून सुरू करा. त्यानं कुणाकडून घेतली, कधी, पावती आहे का, किती पैसे दिले. मग त्याच्या आधीचा. कंटाळवाणं काम आहे, मान्य. ज्याला कंटाळा येतो त्यानं नवी गाडी घ्यावी.

पाटीवर विसंबणं

पाटी म्हणजे अॅल्युमिनियमचा छोटा पत्रा आणि दोन-चार पॉप रिव्हेट. नवी करून घ्यायला पेट्रोलची एक टाकी भरण्याइतकाही खर्च येत नाही. आणि फसवाफसवी सोडाच, त्या काळात प्रामाणिक माणसंही पाट्या हलवायची. युरोपात शर्यतीला जायचं तर गाडीचे कस्टमचे कागद, म्हणजे कार्ने, लागायचे. कागदावरची गाडी आदल्या रविवारी ठोकलेली असली, तर तिची पाटी दुसरीवर चढवून सीमा ओलांडायची. कुणालाच त्यात वावगं वाटत नसे. पन्नास वर्षांनी कुणी भिंग घेऊन बसेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. हंगाम संपला की गेल्या वर्षीची गाडी म्हणजे अडगळ.

एक ब्रॅबम बीटी२१ अशीच माझ्या गळ्यात पडली. १९६०च्या दशकातली, हजार सीसीच्या फॉर्म्युला थ्रीमधली. मालक इथलाच, पाटी अस्सल, नंबर स्वच्छ. मी चार ठिकाणी पत्रं टाकली आणि तीन आठवड्यांत स्वीडनहून उत्तर आलं: तो नंबर तर माझ्या गाडीचा आहे, तुमच्याकडचा माणूस चोर दिसतो. इथल्याला सांगितलं, तर त्यानंही स्वीडनवाल्याबद्दल तेच म्हटलं, फक्त जास्त वाईट शब्दांत.

व्हर्निअर कॅलिपर, टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा, एवढं घेऊन मी दोन्ही गाड्यांखाली शिरलो. इथल्या गाडीच्या फ्रेमचे पाइप मोजले. २५ मिलिमीटर, सगळीकडे. त्या काळचा इंग्लिश पाइप एक इंचाचा, म्हणजे २५.४. दुरुस्तीत एखाददुसरा पाइप बदलला जातो, पण सगळेच मेट्रिक म्हणजे फ्रेम नव्यानं बांधलेली. स्वीडनमधली २५.४ निघाली, सांध्यांवर ब्राँझ वेल्डिंगचा पिवळसर ओघळ, पुढचा भाग वाकून सरळ केलेला. आणि रंगाखाली एक नंबर, सुरुवातीला 'एएम'.

हे 'एएम' पुष्कळांना गोत्यात आणतं. ब्रॅबमच्या फ्रेम आर्च मोटर्स नावाचं वर्कशॉप वेल्ड करून द्यायचं, त्यांचा हा फ्रेमचा नंबर. गाडीचा बीटी नंबर वेगळा. एएम नंबर गाडीच्या यादीत सापडत नाही म्हणून गाडीच खोटी ठरवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

उलगडा झाला तो त्या काळच्या एका मेकॅनिकच्या वहीत. वही त्याच्या मुलानं जपून ठेवली होती. त्यात गाडीच्या नंबरासमोर एक एएम नंबर, त्यावर काट, शेजारी दुसरा एएम नंबर आणि अपघाताची तारीख. म्हणजे गाडी आपटली, नवी फ्रेम आली, पाटी नव्या फ्रेमवर गेली, जुनी फ्रेम शेडच्या मागे पडली. स्वीडनवाल्याकडे होती ती ही काट मारलेली फ्रेम. इथल्याकडे होती पाटी, खोकाभर सुट्या भागांबरोबर कधीतरी विकत घेतलेली, आणि तिच्याभोवती बांधलेली नवी गाडी. खरी गाडी, म्हणजे दुसऱ्या एएम नंबराची, दोघांकडेही नाही. हे मी दोघांना एकाच दिवशी कळवलं. त्यानंतर दोघांपैकी कुणीही मला नाताळचं कार्ड पाठवलेलं नाही.

तो दुसरा नंबर मला पाठ आहे. कुठेही बीटी२१ दिसली की मी टॉर्च काढून गुडघ्यावर बसतो. लोक बघतात, बघोत.

मग खरी म्हणायची कुठली? गावातल्या देवळाच्या रथाची चाकं बदलतात, आरे बदलतात, कधी कळससुद्धा. रथ तोच राहतो, कारण तो एक दिवसही देवळाबाहेर कुणा दुसऱ्याचा झालेला नसतो. १९९० साली लंडनच्या कोर्टानं जवळपास हेच म्हटलं. प्रकरण 'ओल्ड नंबर वन' या बेंटलीचं, १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मानची चोवीस तासांची शर्यत जिंकलेल्या गाडीचं. सुटे भाग फारसे मूळचे उरले नव्हते, तरी न्यायाधीशांनी तिला अस्सल मानलं, कारण ती बदलत गेली पण तिची साखळी कुठे तुटली नव्हती. ती सिंगल-सीटर नव्हे, पण मी हाच दाखला देतो. फ्रेम बदललेली चालते, मधली वर्षं हरवलेली चालत नाहीत.

आधी घासणं, मग विचारणं

याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. पाटीच्या बाबतीत माणूस फसवला जातो, इथे तो स्वतःच्या हातानं पुरावा पुसतो.

एकानं मला बोलावलं तेव्हा गॅरेजमध्ये त्याची फ्रेम दोरीला टांगलेली, काळ्या पावडर कोटिंगमध्ये चकचकीत. "बघा, कशी झालीय!" आधी सँडब्लास्टिंग, मग पावडर. आत जुना काय रंग होता? "तीन-चार थर होते, निळा, मग कसला तरी पिवळा." फोटो? नाहीत. बॉडीचं फायबरग्लास? तेही घासून प्रायमर मारलेला. पिवळ्याखाली पांढऱ्या गोलात काहीतरी आकडा होता म्हणे. काहीतरी!

तो आकडा म्हणजे एका शर्यतीचा नंबर होता. त्यावरून कार्यक्रमपत्रिका सापडली असती, तिच्यातून चालवणाऱ्याचं नाव. फ्रेमवरची रिकामी भोकं त्यानं वेल्डिंगनं बुजवली होती, "नीटनेटकं दिसावं म्हणून." आरसा कुठे होता, अग्निशामक कुठे होता, बॅटरीचा ट्रे कुठून कुठे सरकला, हे सगळं त्या भोकांत असतं. जुन्या फोटोतली गाडी आपलीच आहे हे मी नंबरापेक्षा भोकांवरून ठरवतो. रंग कुणीही देतो, पण चुकीच्या जागी पाडलेलं भोक कोण मुद्दाम पाडणार?

माझी सवय सांगतो. गाडी आली की पहिला महिना पान्याला हात नाही. फक्त फोटो, तेही प्रत्येक सांध्याचे, शेजारी फूटपट्टी ठेवून. मग आत दडलेल्या एखाद्या कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेवर ओल्या बारीक पॉलिश पेपरनं हळूहळू घासायचं. थर कांद्यासारखे उघडतात, कडेला गोल गोल वलयं दिसतात. त्या वलयांचा फोटो. बस्स. येत्या उन्हाळ्यात ट्रॅकवर उतरायचंच अशी घाई असेल, तर मला बोलावू नका.

इंजिनावरून गाडी ओळखणं

एक तरुण गाडीच्या ब्लॉकवर '७११एम' बघून रात्री अकराला फोन करतो: "ही मार्च ७११ आहे! रॉनी पीटरसनची फॉर्म्युला वन!" अरे बाबा, तो फोर्डच्या केंट इंजिनच्या ब्लॉकचा ओतकामाचा कोड. असे ब्लॉक रस्त्यावरच्या एस्कॉर्टमध्येही होते. फॉर्म्युला फोर्डमध्ये इंजिन आणि ह्यूलँडचा गिअरबॉक्स या बनियनसारख्या बदलायच्या वस्तू होत्या. १९६९च्या गाडीत नंतर आलेला ७११एम ब्लॉक सापडला म्हणून गाडी खोटी होत नाही, आणि १९६९चा ब्लॉक सापडला म्हणून खरीही होत नाही.

फिआचा ऐतिहासिक पासपोर्ट दाखवणं

फिआ म्हणजे मोटर रेसिंगची जागतिक संघटना. तिचा पासपोर्ट गाडी त्या काळच्या तांत्रिक नियमांत बसते एवढंच सांगतो. तिच्या कुळाबद्दल एक अक्षर नाही. पुढे.

कार्यक्रमपत्रिकेला निकाल समजणं

पत्रिका शर्यतीच्या आधी छापतात. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून हळू आवाजात सांगतो. एका लोटस २०ची फाइल मी सहा महिने बांधत होतो, पत्रिकेत गाडी, चालक, नंबर सगळं जुळत होतं. मग पॅडॉकमधला, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथला, त्याच दिवसाचा एक फोटो मिळाला, गाडीचं इंजिनावरचं कव्हर काढलेलं. इंजिन एका बाजूला कललेलं. कललेलं इंजिन लोटस २२मध्ये असतं, २०मध्ये ते सरळ उभं. त्या माणसानं ऐन वेळी मित्राची गाडी चालवली होती. आता मी पत्रिका, साप्ताहिकातला वृत्तान्त आणि फोटो, तिन्ही मिळाल्याशिवाय शाईनं लिहीत नाही. तोवर पेन्सिल.

म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात शब्द घालणं

जुने चालक, मेकॅनिक आता ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा पत्र आज लिहा. पण गेल्यावर "हीच ना तुमची गाडी?" असं विचारलंत, की प्रेमळ म्हातारा "हो, हीच" म्हणणारच, इतक्या लांबून आलेल्याला नाराज कशाला करायचं? मी नाव न लिहिलेले पाच-सहा फोटो टेबलावर ठेवतो, त्यात दोन भलत्याच गाड्यांचे, आणि चहा पीत गप्प बसतो. एका आजोबांनी गाडी ओळखली नाही, पण "या सीटमुळे माझा डावा खांदा सोलायचा" म्हणाले. सीटच्या डाव्या बाजूला ठोकून काढलेला पोचा होता.

रिकामी जागा भरून टाकणं

माझ्या फायलींत कोरी पानं असतात. वर साल, खाली काही नाही. लोकांना ते अपुरं काम वाटतं. गेल्या वर्षी एका फॉर्म्युला फोर्डची फाइल दिली, १९७१ ते १९७७ कोरी. मालकाचा फोन आला, "काका, एवढी सात वर्षं भरून द्या ना, मार्चमध्ये लिलाव आहे." मी म्हटलं, सापडली की भरतो. तो म्हणाला, थांबायला वेळ नाही.

लिलावाचा कॅटलॉग मी नंतर पाहिला. गुळगुळीत कागद, सुंदर फोटो. ती सात वर्षं गाडी 'युरोपातल्या एका खासगी संग्रहात जपलेली' होती.